पाणाड्या

तळहातावर नारळ आडवा ठेवायचा,
शेंडी पुढं,
आणि अनवाणी चालायचं बांधाबांधानं.
जिथं तो उभा राहील तिथं चुना.
एवढंच माझं शिक्षण.

यावलपासून रावेरपर्यंत
तीनशे अकरा ठिकाणी मी चुना टाकला.
वहीत आहे सगळं: नाव, गट नंबर, किती फुटावर.
पहिलं पान चावदस पाटलांचं.
साठ फूट, विहीर,
पाणी लागलं त्या दिवशी खोदणाऱ्यांना जिलेबी.
मग एकशे ऐंशी. मग चारशे दहा.
शेवटची पानं मी हळू उलटतो.
नऊशे. नऊशे साठ.
गाडीवरची तमिळ पोरं रात्रभर नळाला नळ जोडत राहिली
आणि पहाटे वर आली
पिठासारखी पिवळी धूळ,
केळीच्या पानांवर, चहाच्या कपात, माझ्या भुवयांत.

केळीला नावं ठेवू नका.
तिनं लेकरं शिकवली, पुण्यात फ्लॅट घेतले.
ती फक्त पीत होती,
पाजणारे आपण.
ठिबक आलं तेव्हा म्हणालो, थेंब थेंब वाचेल.
वाचला.
वाचलेल्या थेंबांवर आणखी दोन हजार खोडं लावली.

नजमा तडवी दर रविवारी
बावीस विहिरींत टेप सोडते
आणि शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात आकडे लिहिते.
लोक म्हणाले, दुखणेकऱ्याचा ताप
असा चव्हाट्यावर लिहितात का, बाई?
ती म्हणाली, दुखणेकरी एकच आहे,
खाटा बावीस.

मला तिचा राग होता.
माझा नारळ हो किंवा नाही म्हणतो.
तिचे आकडे काहीच म्हणत नाहीत,
नुसते माझ्याकडे बघतात.

मग वैशाखात ती घरी आली.
ओट्यावर बसली, पाणी प्यायली,
पेल्यात घोटही उरू दिला नाही.
"सुपडूकाका, पाणी कुठून काढायचं
ते सगळ्यांनी विचारलं तुम्हाला.
आत कुठून सोडायचं?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न
कोणी माझ्या ओट्यावर आणला नव्हता.

नारळाला ते येत नाही.
पायांना येत होतं.
सातपुड्याच्या पायथ्याला, जिथं नाल्यात गोटे मोकळे,
जिथं पूर गर्जत येतो आणि मधेच हरवतो.
लहानपणी आम्ही म्हणायचो, इथं भुतं पाणी पितात.
ती जागा दाखवली.
आणि चावदसांची साठ फुटी विहीर.
तिच्यात आता घडांच्या निळ्या पिशव्या,
ठिबकच्या फाटक्या नळ्या, एक मेलेली मोटर.
सात दिवस उपसत होतो,
पाण्याचा पत्ता नसलेली विहीर.
मग तळाला गोटे, वर खडी, वर वाळू.

चावदसांचा नातू लोकेश काठावर उभा.
"आजानं खोदली, तूच दाखवली,
आता तूच बुजतो का भो?"
बुजत नाही, भरतो, मी म्हटलं.
मलाही ते पुरतं पटलं नव्हतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतीवरचं पाणी
चार फूट वर आलं.
त्याच आठवड्यात तिघं रोपांची ऑर्डर देऊन आले.
बैठक झाली, मारुतीच्या पारावर, फार आरडाओरडा:
नवी बोअर नाही, तिसरा हिस्सा रानात दादर ज्वारी.
अकरा जण हो म्हणाले.
नऊ उठून गेले.
त्यातले दोघं अंधारात परत आले,
दादरचा भाव काय म्हणत.

आणि एका रात्री लोकेश,
खिशात एकवीसशे रुपये, हातात सोललेला नारळ.
"फक्त एक जागा, काका. कोणाला नाही सांगत."
गेलो. चाललो त्याच्या बांधानं.
ईशान्य कोपऱ्यात नारळ उभा राहिला,
मनगट दुखेल इतका ताठ.
मी मूठ आवळली.
इथं नाही, म्हटलं.
बॅटरीच्या उजेडात त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं,
तोंडाकडं पाहिलं.
पैसे परत खिशात घातले.
नारळ माझ्याकडंच राहिला.

रविवारी तो फोडला, नजमाला अर्धा दिला.
खोबरं चावत चावत तिनं टेप सोडला.
खाली कुठंतरी टप् झालं.
"एकशे अठरा."
गेल्या रविवारी किती होतं?
"एकशे अठरा."
तिनं ब्रश बुडवला
आणि तोच आकडा पुन्हा एकदा,
नव्या तारखेपुढं, नीट लिहिला.